जाग आली म्हणजे झोप झाली, असं नसतं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चाकणच्या कारखान्यात सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर काम, वय ३४, दर आठवड्याला पाळी बदलते. थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी करून सकाळी आठला आडवे होता, बारा वाजायच्या आत डोळे उघडतात आणि मग कितीही कूस बदलली तरी झोप येत नाही. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, मुलांवर चिडचिड होते, पहाटे मशीनपुढे पेंग येते. आई म्हणते, झोप वाढवावी तेवढी वाढते, आमचं चार तासांत भागायचं. म्हणून तुम्ही विचारलंत की मेंदूला झोप खरंच लागते किती, सवयीने ती कमी करता येते का, आणि रविवारी दहा तास झोपलं की हिशोब पुरा होतो का.

मी पुण्यात फिजिशियन आहे आणि गेली २२ वर्षं मुख्यतः झोपेच्या तक्रारी असलेले पेशंट बघतो. भोसरी, चाकण, रांजणगावहून येणारे पाळीतले कामगार त्यात कायम असतात, आणि त्यातले निम्मे तरी पहिल्या भेटीत तुमच्यासारखंच बोलतात: "डॉक्टर, बाराला जाग येते म्हणजे माझी झोप तेवढीच असणार." खरी गाठ इथेच आहे. जाग आली याचा अर्थ शरीराची गरज भागली, असं आपण धरून चालतो. रात्री झोपणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही असतं. दिवसा झोपणाऱ्याच्या बाबतीत नसतं. ते का, हे नीट समजलं की तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत, हे आधी सांगतो. तुमची पाळी कोणत्या क्रमाने फिरते, घर किती मोठं आहे, कारखान्यातून बसने येता की बाईकने, घोरता का, दारू घेता का, वजन किती, यावर बरंच अवलंबून आहे. कुणाचं शरीर मुळातच उशिरा जागणारं असतं, त्याला रात्रपाळी जरा सोसते. पहाटे पाचला आपोआप उठणाऱ्याला ती फार जड जाते. पुढे जे लिहितो आहे ते यातलं तुमचं तुम्ही ताडून घ्या.

मेंदू झोपेचं नियंत्रण दोन वेगळ्या यंत्रणांनी करतो. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली या दोन्ही एकत्र मांडल्या आणि आज मी पेशंटला कागदावर जी आकृती काढून दाखवतो ती मूळ त्यांचीच.

पहिली यंत्रणा म्हणजे झोपेचा दाब. जागेपणी मेंदूच्या पेशी ऊर्जा खर्च करतात आणि त्या खर्चातून अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो. जितके तास जागे, तितकं ते जास्त. ते जागं ठेवणाऱ्या पेशींना मंद करतं, पापण्या जड होतात. झोपलं की ओसरतं. चहा-कॉफीतलं कॅफिन याच ठिकाणी काम करतं. पेशीवर अ‍ॅडेनोसिनने जिथे बसायचं ती जागा कॅफिन अडवून धरतं. साचलेलं अ‍ॅडेनोसिन मात्र तिथल्या तिथेच असतं, म्हणून चहाचा अंमल उतरला की पेंग एकदम अंगावर येते. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. पहाटे चारला घेतलेल्या कडक चहाचा निम्मा भाग तुम्ही सकाळी नऊला अंथरुणात असताना रक्तात असतो.

दुसरी यंत्रणा म्हणजे घड्याळ. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या बरोबर वर जेमतेम २०,००० पेशींचा एक जोड-पुंजका असतो. त्याचं नाव सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. त्याला तुम्ही किती वेळ जागे आहात याच्याशी काही देणंघेणं नसतं. बाहेर काही कळत नसलं तरी ते आपलं चालू राहतं. १९६२ साली मिशेल सिफ्र नावाचा तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं तेव्हा तो २० ऑगस्ट समजून चालला होता. दिवसांचा हिशोब इतका चुकला, पण झोपायचं आणि जागायचं चक्र त्याच्या शरीराने जवळपास २४ तासांचंच ठेवलं होतं. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनीही सूर्य आणि घड्याळ दिसणार नाही अशा खोलीत माणसांना ठेवून हे चक्र अभ्यासलं. पुढे जास्त काटेकोर मोजमापं झाली तेव्हा माणसाचं आतलं घड्याळ सरासरी २४ तासांहून दहा-बारा मिनिटांनी लांब निघालं. ही दहा मिनिटं लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

हे घड्याळ रोज जुळवून घेतलं जातं ते प्रकाशाने, आणि त्यातही सकाळच्या. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं काम चित्र बघायचं नाहीच, नुसता उजेड किती आहे ते घड्याळाला कळवायचं. निळसर उजेडाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात. अंधार झाला की घड्याळाच्या इशाऱ्यावर मेलाटोनिन नावाचं संप्रेरक स्रवतं, शरीराचं तापमान हळूहळू उतरतं आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली जातं. मग ते पुन्हा चढू लागतं आणि संध्याकाळपर्यंत चढत राहतं.

आता हे दोन्ही एकावर एक ठेवून बघा. रात्री अकराला झोपणाऱ्या माणसाचा दाब अकराला भरपूर असतो, म्हणून तो झोपी जातो. पहिल्या तीन-चार तासांत गाढ झोपेत बराचसा दाब उतरतो. मग पहाटे तीनला त्याला जाग का येत नाही? कारण तेव्हा घड्याळ तळाला असतं. दाब कमी झाला तरी घड्याळ झोप धरून ठेवतं. आपल्या भाषेने त्या झोपेला फार नेमकं नाव दिलं आहे, साखरझोप. स्वप्नांची, म्हणजे रेम झोप सगळ्यात जास्त मिळते ती याच तासांत.

तुमचं काय होतं? सकाळी आठला तुम्ही १८-२० तास जागे आहात. दाब इतका की उशीला डोकं टेकताच डोळा लागतो. तीन-साडेतीन तासांत गाढ झोपेचा वाटा पदरात पडतो, दाब ओसरतो. पण बाहेर सूर्य डोक्यावर, शरीराचं तापमान चढतंय, घड्याळ सांगतंय ऊठ. झोप धरून ठेवायला कुणीच उरत नाही. म्हणून बाराच्या आत जाग. ती घड्याळाने आणलेली जाग आहे, झोप अजून बाकीच असते. ही बाकी संध्याकाळी डोळ्यांत चुरचुरते आणि पहाटे मशीनपुढे वसूल होते.

मध्ये एक गोष्ट सांगायची राहिली, झोप आणि जाग यांच्यातला खटका. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात मेंदूच्या एका विचित्र आजाराची साथ आली. काही रोगी आठवडेच्या आठवडे झोपून राहत, काहींच्या डोळ्याला डोळा लागत नसे. व्हिएन्नातले डॉक्टर कॉन्स्टँटिन फॉन इकॉनोमो यांनी मृत रोग्यांचे मेंदू तपासले. झोपून राहणाऱ्यांच्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडच्या भागात मागच्या बाजूला इजा होती, जागणाऱ्यांच्या पुढच्या बाजूला. म्हणजे झोप ही मेंदू दमून बंद पडल्यामुळे येत नाही, ती आणणाऱ्या पेशी वेगळ्या आहेत आणि जागं ठेवणाऱ्या वेगळ्या. हे दोन्ही गट एकमेकांना दाबून ठेवतात, त्यामुळे आपण एकतर जागे असतो नाहीतर झोपलेले, मधल्या मध्ये लोंबकळत नाही. १९९८ साली ओरेक्सिन नावाचा पदार्थ सापडला, तो हा खटका जागेपणाच्या बाजूला घट्ट धरून ठेवतो. ज्यांच्या मेंदूत तो बनवणाऱ्या पेशी मरतात त्यांना नार्कोलेप्सी होते, बोलता बोलता झोप लागते.

निरोगी माणसातही दाब फार वाढला की हा खटका सटकायला लागतो. तीन सेकंद, पाच सेकंद, दहा सेकंद मेंदू झोपेत जाऊन येतो, डोळे उघडे असले तरीही. तुम्ही लिहिलंय की पहाटे कधीकधी जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनवर लावल्याचं आठवत नाही. ते हेच. ताशी ६० किलोमीटरने चाललेली बाईक तीन सेकंदांत ५० मीटर जाते, एवढं मी इथे लिहून ठेवतो. त्याकडे परत येईन.

आता झोप लागतेच कशाला. हे मला पुस्तकापेक्षा आमच्या स्लीप लॅबमध्ये जास्त पटलं. पेशंटच्या डोक्याला पेस्टने इलेक्ट्रोड चिकटवतात, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर, पायांवर वायरी असतात. शेजारच्या खोलीत स्क्रीनवर रेघा सरकत असतात. दिवा मालवला की आधी सेकंदाला आठ ते तेरा आवर्तनांच्या सारख्या लहरी दिसतात, डोळे मिटलेले पण माणूस जागा. मग डोळ्यांची रेघ संथ हिंदकळू लागते, त्या लहरी विरतात. थोड्या वेळाने मध्येच अर्धा-एक सेकंदाचा दाट झुपका उमटतो, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता, सुताच्या चातीसारखा. आणि वीस-पंचवीस मिनिटांत स्क्रीन बदलून जातो. उंचच उंच, संथ लाटा, सेकंदाला एखाद-दुसरी. ही गाढ झोप. कोट्यवधी पेशी एकदम गप्प होतात, एकदम बोलतात, पुन्हा गप्प होतात. जागेपणी मेंदूत असं कधीच घडत नाही. ते बघताना एक नक्की कळतं की मेंदू बंद झालेला नाही, त्याने दुसरं काम हातात घेतलं आहे.

ते काम कोणतं, याचं एकच उत्तर नाही. दिवसभर आपण जे शिकतो, बघतो, त्याने पेशींमधले जोड बळकट होतात, आणि तसेच बळकट होत राहिले तर मेंदूत नवं काही लिहायला जागा उरणार नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ज्युलिओ टोनोनी आणि किआरा चिरेली यांचं म्हणणं असं की झोपेत हे जोड छाटले जातात. २०१७ साली त्यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूतले जोड मोजले तेव्हा झोपेनंतर ते सरासरी १८ टक्क्यांनी लहान भरले. आठवणींचंही तसंच. १९९४ साली उंदरांवर असं दिसलं की दिवसा एखाद्या वाटेने फिरताना ज्या पेशी एकत्र चेततात त्याच झोपेतही पुन्हा एकत्र चेततात, म्हणजे वाट गिरवली जाते. तुमचा नवा प्रोग्राम, नवं सेटिंग हाताला बसतं ते ट्रेनिंगच्या वेळी अर्धं आणि त्या रात्रीच्या झोपेत अर्धं, असं मी मानतो.

झोपेत मेंदू धुतला जातो, हे तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं असेल. २०१३ साली उंदरांमध्ये दिसलं होतं की झोपेत पेशींमधली मोकळी जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते आणि टाकाऊ प्रथिनं लवकर वाहून जातात. २०२४ साली लंडनमधल्या एका गटाला याच्या उलट आढळलं. हा वाद मिटेपर्यंत मी पेशंटला ते ठाम सत्य म्हणून सांगत नाही.

शरीराच्या बाकी भागांबद्दल मात्र पुरावा भक्कम आहे. १९९९ साली शिकागोमध्ये ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार तास झोपू दिलं. आठवडाभरात त्यांचं शरीर साखर अशी हाताळू लागलं की जणू मधुमेह उंबरठ्यावर आहे. त्याच संशोधकांनी आणखी एक प्रयोग केला, कमी झोपलेल्यांना फ्लूची लस दिली. दहा दिवसांनी त्यांच्यातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण नीट झोपलेल्यांच्या निम्म्याहून कमी भरलं. तुमच्या घरात मधुमेह असेल तर हा परिच्छेद पुन्हा वाचा. पाळीतल्या कामगारांची साखर मी वयाच्या तिशीतच तपासायला लावतो, ती यामुळे.

थोडक्यात इथवर: दाब आणि घड्याळ जुळले तर झोप लागते आणि टिकते. तुमचे जुळत नाहीत. आणि जी झोप बुडते तिचं काम दुसरं कुणी करत नाही.

आता आईंचं म्हणणं. त्या खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं वाटत असेल. अडचण अशी की आपल्याला किती झोप आली आहे हे सांगणारा मेंदू तोच असतो, ज्याची झोप बुडालेली असते. पेनसिल्व्हेनियात २००३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी प्रत्येक कामगाराला सांगतो. एका गटाला १४ दिवस रोज सहा तास झोपू दिलं आणि रोज त्यांची लक्ष देण्याची चाचणी घेतली. चुका रोज वाढत गेल्या. दोन आठवड्यांनी ते अखंड रात्र जागलेल्या माणसाइतके चुकत होते. पण विचारलं तर म्हणत, थोडी झोप येते, बाकी ठीक आहे. पहिल्या काही दिवसांनंतर त्यांना आपली घसरण जाणवतच नव्हती. सवय झाली ती या न जाणवण्याची. मेंदूची गरज होती तेवढीच राहिली. खरोखर पाच-साडेपाच तासांत भागणारी माणसं असतात, पण फार विरळा. मी इतक्या वर्षांत खात्रीने असं म्हणावं अशी दोन-तीनच पाहिली. बाकीच्या प्रौढांना सातच्या पुढे लागते.

हे मी स्वतः भोगलं आहे. रेसिडेंट असताना तिसाव्या तासाला, पहाटे चारच्या सुमारास, एका आजींसाठी इन्सुलिनचा डोस लिहीत होतो. चार युनिट लिहायचे होते. सिस्टरने कागद हातात घेतला, थांबल्या आणि हळूच विचारलं, "सर, चाळीस?" मी कागद पाहिला. अक्षर माझंच होतं, स्वच्छ, ठसठशीत. शून्य कधी लिहिलं ते मला आजही आठवत नाही. आणि त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं की झोप येतेय का, तर मी नाही म्हटलं असतं. त्या सिस्टर थांबल्या नसत्या तर काय झालं असतं, हा विचार गेलेला नाही. तुम्ही जॉब लावल्याचं आठवत नाही असं लिहिलंत तेव्हा मला तो कागद दिसला.

रविवारचं आता सांगतो. १९६४ साली सॅन दिएगोचा १७ वर्षांचा रँडी गार्डनर शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी २६४ तास, म्हणजे ११ दिवस जागला. नंतर पहिल्यांदा झोपला तो साधारण १४ तास. ११ रात्रींची झोप म्हणजे ८०-८५ तास होतात, तेवढा तो काही झोपला नाही. मेंदू झोप तासाला तास भरून घेत नाही. आधी गाढ झोप वसूल करतो, रेमचा काही भाग पुढच्या रात्रींत घेतो, बाकी सोडून देतो. म्हणून विकली ऑफला जास्त झोपणं चुकीचं नाही, नक्की झोपा. पण एका रविवारने सहा दिवसांचं लक्ष आणि साखर पूर्ववत होत नाही. आणि रविवारी दुपारी एकपर्यंत झोपून सोमवारी फर्स्ट शिफ्ट असेल, तर रविवारी रात्री झोप लागणार नाही, हेही आलंच.

मग करायचं काय. घड्याळ दिवसाला साधारण एखादा तासच सरकतं, म्हणून आठवड्याच्या थर्ड शिफ्टमध्ये ते पूर्ण उलटं होणं शक्य नाही आणि तसा प्रयत्नही करू नका. झोप दोन तुकड्यांत घ्या. सकाळी आल्यावर जी लागेल ती, आणि दुसरा तुकडा दुपारी तीन ते साडेचार-पाच. दुपारी घड्याळाचा जोर जरा सैल पडतो, त्या फटीत झोप लागू शकते. पुष्कळ जण संध्याकाळी सात-साडेसातला, निघण्याआधी झोपायचा प्रयत्न करतात आणि छताकडे बघत पडून राहतात. त्यात त्यांचा दोष नाही. नेहमीच्या झोपायच्या वेळेआधीचे दोन-तीन तास घड्याळ सगळ्यात जोरात जागं ठेवत असतं.

बसने येत असाल तर सकाळी गडद गॉगल लावा, घरी पोहोचेपर्यंत काढू नका. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की घड्याळ दिवस सुरू झाल्याचं नोंदवतं. बाईकवर येत असाल तर गॉगल नको, आधीच पेंगलेल्या डोळ्यांपुढे आणखी अंधार करू नका. खरं तर थर्ड शिफ्टनंतर बाईकच नको. सतत १७ तास जागलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं होतं, असं १९९७ साली ऑस्ट्रेलियात मोजलं गेलं. आपल्या कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. नाशिक रस्त्यावर सकाळी सातच्या ट्रकांमधून तुम्ही त्याहून वाईट अवस्थेत येता. दुसरा इलाजच नसेल तर कारखान्यातच वीस मिनिटं डुलकी घ्या, उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं तोंड धुऊन, चालून डोकं ताळ्यावर येऊ द्या आणि मग निघा.

चहा शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यात प्या. दोन-अडीचनंतर नको. जेवणाच्या सुट्टीत पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायची मुभा असेल तर ती सोडू नका. झोपायच्या खोलीत दुपारी स्वतःचा हात दिसणार नाही इतका अंधार करा. महागडे पडदे लागत नाहीत, खिडकीला काळा कागद किंवा दुहेरी चादर पुरते. पंखा मोठा ठेवा, त्याच्या घरघरीत कुकरच्या शिट्ट्या आणि घंटागाडी बुडून जाते. फोन दुसऱ्या खोलीत. आणि घरच्यांना एकदा बसवून सांगा की सकाळी आठ ते बारा ही तुमची रात्र आहे. रात्री दोनला कुणी तुम्हाला गॅसची पावती कुठे ठेवली म्हणून उठवत नाही, तसं दहालाही उठवायचं नाही. बऱ्याच घरांत झोपेचं खोबरं होतं ते यामुळे, मेंदूमुळे नव्हे.

पाळीचा क्रम तुमच्या हातात नसेल, पण युनियन किंवा एचआरकडे बोलता येत असेल तर फर्स्ट, मग सेकंड, मग थर्ड असा पुढे सरकणारा क्रम मागा. घड्याळ मुळातच २४ तासांहून जरा लांब आहे, ती दहा मिनिटं आठवा. म्हणून त्याला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जड जातं. थर्डवरून सेकंड, सेकंडवरून फर्स्ट असा उलटा क्रम म्हणजे दर आठवड्याला चढण. आणि फर्स्ट शिफ्टला तुम्ही चारला उठत असाल तर तिथेही नुकसान आहे. तास दोनच बुडतात, पण ते साखरझोपेचे असतात, रेमचा मोठा वाटा त्यातच जातो. त्या आठवड्यात नऊ-साडेनऊला दिवे बंद झालेच पाहिजेत.

रात्रपाळीने कॅन्सर होतो का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रात्रपाळीला 'बहुधा कारणीभूत' या वर्गात २००७ साली टाकलं आणि २०१९ साली तसंच ठेवलं. तो वर्ग पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. वर्षानुवर्षं सलग रात्रपाळी करणाऱ्यांबद्दलची ती चिंता आहे. त्यासाठी उद्या नोकरी सोडायची गरज नाही. मी तुमच्या जागी असतो तर रक्तदाब, साखर आणि पोटाचा घेर यांची काळजी आधी केली असती.

झोपेची गोळी मेडिकलमधून आणून घेऊ नका. मित्राने दिलेली अर्धी गोळीसुद्धा नको. ती घड्याळ हलवत नाही, थोड्याच आठवड्यांत तिच्याशिवाय चैन पडेनासं होतं आणि रात्री मशीनवर तिचा अंमल शिल्लक असू शकतो. दारूने डोळा लवकर लागतो, पण दोन-तीन तासांत झोप मोडते, आणि तुमची झोप मुळातच तेवढीच आहे. मेलाटोनिनचा काही जणांना दिवसाच्या झोपेसाठी थोडा उपयोग होतो, पण वेळ चुकली तर फायदा नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

आणि एक काम आजच करा, बायकोला विचारा की तुम्ही घोरता का, मध्ये श्वास थांबून मग धक्क्याने सुरू होतो का. माझ्याकडे एक प्रेसशॉप ऑपरेटर तीन वर्षं रात्रपाळीला दोष देत होता. तपासणी केली तर तासाला तीसहून जास्त वेळा श्वास अडकत होता, दिवसपाळीच्या आठवड्यातही. झोपेत हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन लावल्यावर दहा दिवसांनी त्याची बायको येऊन म्हणाली, हे आता जेवताना बोलतात. तुमच्या बाबतीत घोरणं असेल, किंवा दिवसपाळीच्या आठवड्यात नीट सात-आठ तास झोपूनही थकवा जात नसेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

नसेल, तर पुढच्या थर्ड शिफ्टच्या पहिल्या दिवसापासून एक वही करा. आडवं झाल्याची वेळ, जाग आल्याची वेळ, दुपारचा तुकडा, शेवटचा चहा कधी घेतला, आणि पहाटे तीन ते पाचमध्ये पेंग किती वेळा आली. तीन आठवडे, तिन्ही पाळ्यांचं लिहा. अंदाजे लिहिलं तरी चालेल, त्यासाठी घड्याळाकडे बघत जागू नका. ती वही घेऊन गेलात तर कुठलाही डॉक्टर पहिल्या दहा मिनिटांत तुम्हाला जास्त सांगू शकेल, आणि इथे ती मांडलीत तर मीही पाहीन.